बाळ पाच आठवड्यांचं झालं, तरी मला बापासारखं का वाटत नाही?

प्रश्न एका २९ वर्षांच्या वडिलांचा आहे. पहिलं बाळ, पाच आठवड्यांचं. बायको बाळंतपणाला माहेरी लातूरला, हे पुण्यात नोकरीला. ते लिहितात: "बारशाला धरून चार वेळा जाऊन आलो. सगळे विचारतात, बाप झाल्यावर कसं वाटतंय? खरं सांगायचं तर फारसं काहीच वाटत नाही. आईला निसर्गच प्रेम देतो, तिचे हार्मोन असतात. बापाचं प्रेम म्हणजे नुसतं कर्तव्यच असतं का? प्राण्यांत तर नर पिल्लाकडे ढुंकूनही बघत नाही."

उत्तर लिहिण्याआधी मी त्यांना एकच उलटा प्रश्न विचारला. या चार फेऱ्यांत बाळ तुमच्या हातात एकूण किती वेळ होतं? उत्तर आलं, "सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं असेल. मान धरत नाही म्हणून सासूबाई लगेच घेतात."

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या वीस मिनिटांत आहे. तुमच्यात काही कमी नाही. मी २७ वर्षं नवजात बाळांची डॉक्टर आहे. तुमच्यासारखे बाप मी शेकड्यांनी पाहिलेत, आणि त्यांतले बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत कसे बदलतात तेही पाहिलंय. पण नुसता धीर देऊन भागणार नाही. तुम्ही निसर्गाचं नाव काढलंय, तर निसर्गात काय आहे ते नीट बघू.

प्राण्यांबद्दल तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. पक्ष्यांच्या जवळपास ९० टक्के जातींत नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात. अंडं कुणीही उबवू शकतं, किडा कुणीही चोचीत आणू शकतो. सस्तन प्राण्यांत गर्भ मादीच्या पोटात आणि दूधही तिच्याच अंगात, त्यामुळे नर मोकळा सुटतो. पिल्लांची प्रत्यक्ष काळजी घेणारे नर सस्तनांच्या साधारण ५ टक्के जातींतच सापडतात. आपले सगळ्यांत जवळचे नातलग चिंपांझी, त्यांच्यातही बाप पिल्लाला वाढवत नाही.

याहून कठोर उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९६२ मध्ये युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळच्या जंगलात लंगुरांचा अभ्यास करत होते. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हाकलून दिलं आणि पुढच्या काही दिवसांत टोळीतली तान्ही पिल्लं मारली गेली. घाटात गाडी थांबवून आपण ज्यांना केळी देतो, तेच हे काळ्या तोंडाचे वानर. पुढे सारा हर्डी या अमेरिकी संशोधिकेने राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर वर्षानुवर्षं लंगूर पाहिले आणि यामागचं गणित मांडलं: अंगावर पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होतात. कित्येक वर्षं शास्त्रज्ञ हे मानायला तयार नव्हते.

पण त्याच लंगुरांची दुसरी बाजूही आहे. नेपाळच्या रामनगरमध्ये पिल्लांची आणि नरांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा दिसलं की हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता. पिल्लासाठी मध्ये पडणारे नर मात्र त्याचा बाप असण्याची शक्यता असलेलेच होते. केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांतही तेच. पिल्लांची भांडणं लागली की मोठा नर आपल्याच पिल्लाच्या बाजूने उभा राहतो. मला वाटतं, बापपणाची पहिली पायरी हीच असावी. कडेवर घेणं, भरवणं फार नंतरचं. आधी नुसतं जवळ असणं आणि वेळ आली की आडवं उभं राहणं.

आणि काही माकडांत बाप त्याच्याही पुढे गेला. दक्षिण अमेरिकेतल्या टीटी माकडाचं पिल्लू जवळजवळ दिवसभर बापाच्या पाठीवर असतं, आईकडे जातं ते प्यायला. त्याला बापापासून तोडलं तर ते आईपासून तोडल्यापेक्षा जास्त कासावीस होतं. मार्मोसेट नावाच्या छोट्या माकडांत तर मादी गाभण असताना नराचंही वजन वाढतं, कारण पुढे जुळी पिल्लं अंगावर वागवायची असतात.

आता माणूस. आपलं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. मान धरत नाही, आईला चिकटून राहता येत नाही, स्वतःची ऊबही नीट राखता येत नाही. ते स्वतःचं पोट स्वतः भरेपर्यंत एक कोटी ते एक कोटी तीस लाख कॅलरी लागतात, असा मानववंशशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. चिंपांझीची मादी दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचं अंतर ठेवते, पहिलं पिल्लू सुटं झाल्याशिवाय दुसरं नाही. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांत हे अंतर तीन-चार वर्षांवर आलं. म्हणजे एक अंगावर, एक बोटाला धरून आणि एक "भूक लागली" म्हणत मागे, असं एकाच आईला एकाच वेळी. चिंपांझी-गोरिलासारख्या आपल्या कुठल्याही नातलगाच्या मादीवर असा भार नाही. एकटीने हे निभणं शक्यच नव्हतं. कुणीतरी हात लावत होतं, म्हणून आपण इथवर आलो.

ते कुणीतरी म्हणजे बापच का? इथे मी तुम्हाला गोड खोटं सांगणार नाही. जगभरातल्या अनेक समाजांच्या नोंदी रिबेका सिअर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये एकत्र तपासल्या. लहानपणी आई गेली तर मूल वाचण्याची शक्यता सगळीकडे घटते. बाप गेला तर तसा फरक फक्त एक तृतीयांश समाजांत दिसला. आणि आईची आई घरात असली की बहुतेक ठिकाणी मुलं जास्त वाचत होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यामागे केवढं शहाणपण आहे बघा. टांझानियात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांत काम करणाऱ्या क्रिस्टन हॉक्स यांनी तर असं दाखवलं, की पुरुषाने मारलेल्या मोठ्या शिकारीचं मांस सगळ्या वस्तीत वाटलं जातं, त्याच्या स्वतःच्या पोरांना जास्त वाटा मिळतोच असं नाही. "पुरुष बाहेरून आणणार, बाई घरात सांभाळणार, हेच आदिम" असं जे ठासून सांगितलं जातं, ते इतकं सरळ नाही.

मग बापाचं काय? माणसाचा बाप लवचीक आहे, हे त्याचं वैशिष्ट्य. मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या आका लोकांत नवरा-बायको मिळून जाळं लावून शिकार करतात, म्हणून बाप सतत तान्ह्याच्या आसपास असतो. बॅरी ह्यूलेट यांनी तासन् तास बसून नोंदी केल्या: आका बाप दिवसाचा सुमारे ४७ टक्के वेळ बाळाला धरून तरी असतो किंवा हात पोचेल इतक्या अंतरावर तरी असतो. आई नसताना रडणारं बाळ शांत करायला हे बाप स्वतःचं स्तनाग्रही त्याच्या तोंडात देतात. त्यांच्याच शेजारी शेती करणाऱ्या लोकांत बाप तान्ह्याला क्वचितच हात लावतात. रक्त माणसाचंच, फक्त दिवस कुणाबरोबर जातो ते वेगळं.

हा फरक शरीरात उतरतो. आता तुमच्या हार्मोनच्या मुद्द्यावर येते.

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर आणि ख्रिस्तोफर कुझावा यांच्या गटाने ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, २००५ मध्ये मोजलं आणि २००९ मध्ये पुन्हा मोजलं. ज्यांचं सुरुवातीला जास्त होतं, तेच पुढे लग्न करून बाप होण्याची शक्यता जास्त होती. आणि बाप झाल्यावर त्यांचंच सगळ्यांत जास्त उतरलं, सकाळचं सुमारे २६ टक्के आणि संध्याकाळचं ३४ टक्के. बाळाचं रोज तीन तास किंवा जास्त करणाऱ्यांचं, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. हे वाचून पुरुष घाबरतात, म्हणून सांगते: हा आजार नाही आणि अशक्तपणाही नाही. जोडीदार शोधायला, चढाओढीला शरीर जी धग लावतं, ती ते थोडी मंद करतं, कारण आता काम वेगळं आहे.

हे नुसतं बाप झाल्याने होत नाही, याचा पुरावा पुन्हा टांझानियातूनच आला. हाड्झा बाप मुलांना घेतात, खेळवतात. शेजारचे दातोगा हे गुरं राखणारे; त्यांच्यात लहान मुलं बायकांकडे आणि पुरुषांचं खाणं-झोपणंही बऱ्याचदा वेगळं. हाड्झांमध्ये बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन न झालेल्यांपेक्षा कमी होतं. दातोगांमध्ये तसा फरकच नव्हता. पोरं दोघांनाही होती, दातोगांच्या हातात ती येत नव्हती.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये अॅन स्टोरी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३४ जोडप्यांच्या रक्ततपासण्या प्रसिद्ध केल्या. बाईच्या अंगात दूध आणणारं प्रोलॅक्टिन बाळंतपण जवळ आलं तसं नवऱ्यांतही वाढलेलं होतं. बायकोबरोबर ज्यांना स्वतःलाही मळमळ, थकवा असं काही झालं, त्यांच्यात ते आणखी जास्त. हे वाचताना मला गोदावरीच्या खोऱ्यातल्या येरुकल लोकांची आठवण होते. १८७४ मध्ये जॉन केन या पाद्र्याने लिहून ठेवलंय, की बायकोला कळा सुरू झाल्या की तिचा नवरा तिचं लुगडं नेसायचा, कपाळाला बायकांसारखं लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन निजायचा. बाळ झाल्यावर ते त्याच्या शेजारी ठेवत. बाहेरच्यांना हे विचित्र वाटलं. मला त्यात असं दिसतं, की त्या समाजाने बापाला बाळाशेजारी अंथरूण टाकून दिलं होतं.

मेंदूचंही तसंच. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये ८९ नव्या आई-बापांच्या मेंदूंची छायाचित्रं काढली. आईला बाळाचा व्हिडिओ दाखवला की मेंदूतला खोलवरचा, सतत कानोसा घेणारा भाग पेटतो. मदतनीस म्हणून वावरणाऱ्या बापांत समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ताडणारा, वरचा भाग जास्त चालतो. पण ज्या घरात आई नव्हतीच, दोन पुरुषच बाळ वाढवत होते, त्या बापांत हे दोन्ही भाग चालले आणि एकमेकांना जोडलेही गेले. बाप बाळाचं जेवढं जास्त करतो, तेवढी ही जोडणी पक्की. उंदरांवरच्या प्रयोगात तर हे पेशींपर्यंत दिसतं. समागम न केलेला नर उंदीर पिल्लं दिसली की मारतो. समागमानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, म्हणजे मादी व्यायच्या सुमारास, तोच नर पिल्लं उचलून घरट्यात आणायला लागतो. हार्वर्डमध्ये कॅथरीन ड्यूलॅक यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये मेंदूतल्या ज्या पेशी यामागे आहेत त्या शोधल्या. त्या नरात आणि मादीत दोघांतही असतात.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला मी असं उत्तर देईन. बापाचं प्रेम नैसर्गिकच आहे, पण ते आयतं मिळत नाही. आईच्या शरीराची तयारी गरोदरपणाच्या नऊ महिन्यांतच सुरू होते. बापाच्या शरीराची थोडीशी तेव्हा होते, आणि खरी होते ती बाळ अंगाशी आल्यावर. (आणि आयांनाही पहिल्या दिवसापासून उमाळा येतोच असं नाही. पुष्कळजणी माझ्याकडे हेच सांगत रडल्यात.)

हे मला पुस्तकांच्या आधी एका गवंडीकाम करणाऱ्या बापाने शिकवलं. बाळ दीड किलोच्या आतलं, सातव्या महिन्यात झालेलं. आईचं रक्त फार गेलेलं, ती दुसऱ्या मजल्यावर सलाईनवर. अशा बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एदगार रे यांनी ती सुरू केली, कारण काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आई नाही तर बाप बसेल, असं आमच्या सिस्टरनी ठरवून टाकलं. तो माणूस आधी हात पुढे करेना. सिमेंटने बोटांना भेगा पडलेल्या. म्हणाला, "मॅडम, माझ्या हाताने त्याला खरचटंल." सिस्टरनी त्याचे हात कोपरापर्यंत धुवून घेतले, शर्टाची बटणं सोडायला लावली, टोपी आणि लंगोट घातलेलं बाळ त्याच्या छातीवर बेडकासारखं ठेवलं आणि वरून कापड बांधलं. त्याने तळवा टेकवलाच नाही. बोटांच्या मागच्या, मऊ बाजूने पाठीला आधार दिला. पहिला अर्धा तास तो स्वतःच श्वास रोखून बसला होता. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ८९ वरून ९४ वर स्थिरावला, तसे त्याचे खांदे उतरले. दोन तास हलला नाही. तिसऱ्या दिवशी मी राउंडला गेले तर मला म्हणतो, "आत्ता रडतंय ते भुकेचं नाही, त्याला शी करायचीय." आणि ते बरोबर होतं.

त्याआधीची माझी कितीतरी वर्षं मी बापांना दाराबाहेरच ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. "पप्पा, बाहेर थांबा. ही औषधं आणा, रक्ताची सोय करा." फॉर्मवर सही करणारा आणि बिल भरणारा एवढीच आम्ही त्यांची ओळख ठेवली. नंतर स्वीडनमधली पाहणी वाचली. सिझेरियननंतर आईला वेळ लागतो तोवर बापाच्या उघड्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली. आमच्याकडे दारात ताटकळणारे तेवढे बाप रिकाम्या हातांनी उभे होते.

आता तुमचं घर. माहेरचं बाळंतपण बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, तुमच्या सासूबाई तिथे आहेत ते बाळाच्या आणि आईच्या भल्याचंच आहे. पण आपल्या रीतीत जावई म्हणजे पाहुणा. तो आला की पुढच्या खोलीत खुर्ची, चहा-पोहे. बाळ दुपट्यात गुंडाळून आणतात, "बघा, नाक तुमच्यावर गेलंय" म्हणतात आणि आत नेतात. आतल्या खोलीत शेक-मालीश, धुरी, बायकांचा वावर. तिथे शिरायला त्याला संकोच. तीन महिने असे जातात. कायद्याचंही तसंच आहे. नोकरदार आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप म्हणून १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही, कंपनी देईल तेवढं. आणि मग आपणच म्हणतो, पुरुषांना मुळात माया कमी.

येत्या शनिवारी जाल तेव्हा सासूबाईंशी आधी फोनवर बोला. स्पष्ट सांगा, की डॉक्टरांनी सांगितलंय, मला रोज दोन तास बाळ हवंय. माझा अनुभव असा, की डॉक्टरचं नाव घेतलं की आज्या ऐकतात, आणि दोन दिवसांत त्याच हौसेने शिकवायला लागतात. आंघोळ करा, अत्तर-डिओ काही लावू नका, नखं कापा. पंखा बंद करून, पाठीला टेका घेऊन बसा. बाळाच्या अंगावर फक्त टोपी आणि लंगोट, तुमची छाती उघडी, वरून चादर. त्याचं तोंड एका बाजूला वळलेलं आणि नाक मोकळं दिसलं पाहिजे. एक तास तरी ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. डोळे मिटायला लागले तर बाळ लगेच बायकोकडे द्या. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत झोप लागणं धोक्याचं आहे, त्यात बाळ गुदमरू शकतं.

मान धरत नाही याला घाबरू नका. एक तळवा डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, एवढंच. लंगोट तुम्ही बदला. अंगावर पाजणं सोडून बाकी सगळं तुम्हाला जमण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी ते तुमच्याकडे रडेल, कारण तुमचा वास आणि आवाज त्याला अनोळखी आहे. म्हणून लगेच परत देऊन टाकू नका, पाच-सात मिनिटं उभ्याने फिरवा. शक्य असेल तर उरलेली रजा एकदम काढून सलग दहा दिवस जा. शनिवार-रविवारच्या पाच फेऱ्यांपेक्षा सलग दहा दिवस कितीतरी कामाचे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघायला हवी. "काही वाटत नाही" हे फक्त बाळाबद्दल आहे, की कशाबद्दलच काही वाटत नाही? झोप लागत नाही, चिडचिड होते, घरी जावंसं वाटत नाही, दारू वाढलीय, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर ते वीस मिनिटांचं प्रकरण नाही. बाळ झाल्यावर बापालाही नैराश्य येतं. २०१० मध्ये बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात साधारण दहातल्या एका बापाला ते आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सगळ्यांत जास्त. पुरुष ते बोलत नाहीत आणि त्यांना कुणी विचारतही नाही. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तसं काही नसेल तर दहा दिवसांनी मला पुन्हा लिहा. कसं वाटतंय ते लिहायची घाई नाही. बाळाचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं यांत काय फरक आहे, तेवढं कळवा.